लिंबाखालचा तळहात

दसऱ्याला केरबा सुभेदारांचा दांडपट्टा बघायला माळवाडीत चार गावची माणसं लोटतात. आष्ट्यावरून गाड्या येतात, पोरं देवळाच्या चौथऱ्यावर चढून मोबाईल वर धरतात. सुभेदारांच्या मिशा, त्यांचा भगवा फेटा, कोपराखालपर्यंत चढवलेली पट्ट्याची लोखंडी खोबण, सगळं सगळ्यांना पाठ आहे. पण पट्टा ज्या लिंबावर पडतो, त्या लिंबाखाली तळहात कुणाचा असतो, असं विचारा. दहातली नऊ जणं डोकं खाजवतील. "आसल की घरातलंच कुणीतरी," म्हणतील. आता काय बोलायचं यांना! चालणाऱ्या हाताला टाळ्या पडतात, थांबलेल्या हाताला कोण विचारतंय?

तर ही गोष्ट त्या थांबलेल्या हाताची, म्हणजे सुभेदारांची बायको अंजना हिची.

माळवाडीची रीत आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. दसऱ्याच्या दिवशी पालखी शिलंगणाला निघाली, की वेशीवर थांबते. तिथं पट्ट्यानं एक लिंबू कापायचं. ते जमिनीवर ठेवून नाही, माणसाच्या तळहातावर ठेवून. लिंबाच्या दोन फोडी झाल्या की पट्टेकऱ्यानं एक वेशीच्या उजव्या अंगाला फेकायची, एक डाव्या. मगच पालखी वेस ओलांडते, आणि मगच गाव आपट्याची पानं लुटायला मोकळं. पट्ट्याचा मान केरबांच्या घराण्याकडं. आणि तळहात? तो ज्याचा पट्टा त्याच्याच घरातला पाहिजे. जुनी माणसं काही बावळट नव्हती. दुसऱ्याच्या बायकोच्या हातावर पराक्रम कोणीही करील. स्वतःच्या घरातला हात पुढं असला, म्हणजे माणूस वर्षभर झक मारत मेहनत करतो.

अंजना कोरेगावची. भाऊ फौजेत, चुलते फौजेत, आणि नवराही फौजेतलाच मिळाला. लग्न होऊन आली तेव्हा लिंबाखाली सासूचा हात असायचा. सासू धोंडुबाई म्हणजे मोठी करारी बाई. तिचा हात सांध्यात आखडायला लागला तशी तिनं सुनेला एक दिवस चुलीपुढं बसवलं, हातावर लिंबू ठेवलं आणि सांगितलं, "आता हितनं फुडं तुजा हात."

अंजनाला घाम फुटला. "आत्याबाई, मला न्हाई व्हायचं."

"न व्हायला काय झालं? भाकरी थापतीस न्हवं? मग हात तुला कळतोय. ऐक. पात्याकडं बगायचं न्हाई. पातं दिसतच न्हाई, ते दिसायला लागंपतुर काम झालेलं आसतंय. त्येच्या कोपराकडं बगायचं."

पहिल्या वर्षी अंजनानं डोळेच मिटले. लिंबू कापलं गेलं, वाजंत्री वाजली, गाव सोनं लुटायला पळालं, आणि घरी आल्यावर सासूनं तिला असं झापलं की बस. डोळं मिटलं की हात भितो, भ्याला की हालतो, आणि हालला की तुटतो, असं तिचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हती. दुसऱ्या वर्षापासून अंजना डोळे उघडे ठेवून कोपराकडं बघायला लागली.

आणि बघता बघता तिला एक गंमत कळली. पट्ट्यात मनगट लोखंडात जखडलेलं असतं, ते वळत नाही. सगळा खेळ दंडाचा आणि खांद्याचा. हात सुटायच्या आधी दंडाची मागची बाजू ताठ होते. मग हात सुटतो, आणि सुटल्या सुटल्याच दंडाच्या पुढच्या अंगाला बेटकुळी टरकन वर येते. ती बेटकुळी आली की पातं लिंबू चिरून तळहाताच्या जरा वरच थबकतं. अंजना दरसाल त्या बेटकुळीची वाट बघायची. ती दिसली की हिचा जीव भांड्यात पडायचा. टाळ्या नंतर यायच्या.

किती दसरे असे गेले. केरबा हवालदार झाले, सुभेदार झाले. सरहद्दीवर कुठंही असोत, दसऱ्याला रजा काढून यायचे. एखाद्या साली रजा नाही मिळाली तर म्हातारे सासरे पट्टा चढवायचे आणि अंजना त्यांच्यापुढं हात धरायची. पुढं एका दसऱ्याला लेक रजेवर आलेला असतानाही सासऱ्यांनी हट्टानं पट्टा चढवला, आणि खांद्यातनं कळ आली, पट्टा वर जाईना. त्यांनी तो काढला, लेकाच्या हातात दिला आणि घरी येऊन ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले. जेव म्हटलं तर जेवायचे, झोप म्हटलं तर झोपायचे. बोलायचे मात्र नाहीत. पुढचा दसरा काही त्यांनी बघितला नाही. ती पाठमोरी आकृती अंजनाच्या डोळ्यांपुढनं कधी हलली नाही.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या दसऱ्याला एक गोष्ट घडली.

गेल्या दसऱ्याला नेहमीसारखंच सगळं झालं. हलगी कडकडली, गावचे माजी सरपंच आप्पासो, त्यांनी माईकवरनं गावाचा इतिहास तिखटमीठ लावून सांगितला, सुभेदारांनी पट्टा फिरवून रिंगण घेतलं. अंजनानं हात पुढं केला, कोपराकडं बघितलं. हात सुटला. बेटकुळी आली, पण उशिरा आली. किती उशिरा म्हणाल, तर पापणी लवायलाही पुरणार नाही इतक्या उशिरा. पण तळहातावर एक बारीक गार रेघ उमटली, आणि लगेच त्यात लिंबाचा रस उतरला.

आग! देवा रे, काय ती आग! नुसत्या कापल्याचं काही नसतं, रानात काम करणाऱ्या बाईला विळ्याचं काय कौतुक? पण वर लिंबू पिळलेलं! डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी तिनं हात हलवला नाही. फोडी सुभेदारांच्या डाव्या हातात दिल्या, आणि मूठ मिटून घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी ती मूठ तिनं घरापर्यंत झाकून आणली. हळद दाबली, चिंधी बांधली. सुनेनं, पूजानं, विचारलं तर म्हणाली, "इळा लागला." शिलंगणाच्या दिवशी विळा कुठून लागला, हे विचारायचं पूजाला सुचलं नाही. बरंच झालं.

सुभेदारांना तिनं काहीच सांगितलं नाही, आणि त्यांनीही काही विचारलं नाही.

पण त्या दिवसापासून तिची नजर बदलली. चहाचा कप घ्यायला हात गेला की तो कपाच्या जरा पुढं जायचा आणि कप कलंडायचा. "कुणी ठेवलाय रं ह्यो हितं?" सुभेदार गरजायचे. दिव्याचं बटण दाबायला गेले की बोट भिंतीवर. माशी मारायला हात उगारला की माशी पळून जायची आणि थाप मांडीवर बसायची अशी, की बाहेर बांधलेली म्हैस कान टवकारायची. दरवेळी दोष कपाचा, नाहीतर भिंतीचा, नाहीतर माशीचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पूजा तोंडाला पदर लावून हसायची. अंजनाला हसू यायचं नाही.

अंगातली ताकद मात्र होती तशीच. उसाची मोळी अजून एका हिसक्यात खांद्यावर घ्यायचे. म्हणून तर तिला कोडं पडलं होतं. जोर आहे, मग बिघडलं कुठं?

ते कोडं सांगलीत सुटलं, आणि तेही आपोआप. उन्हाळ्यात अंजनाचा स्वतःचाच खांदा धरला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. पूजानं चौकशी करून तिला सांगलीला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठवलं. तिथली डॉक्टर सई नावाची तरुण मुलगी होती, हसतमुख आणि हाताला हलकी. दर आठवड्याला अंजना एस.टी.नं जायची, डॉक्टर खांद्याला शेक देऊन हात हळूहळू फिरवायची, आणि दोघींच्या गप्पा चालायच्या. ऊस, म्हैस, सून, सगळं झालं. मग एक दिवस अंजनानं धीर करून विचारलं.

"बाई, एक इचारू? हातात जोर हाय, पर हात थांबत न्हाई, आसं हुतंय का कुणाला?"

डॉक्टरचे हात थांबले. "होतं की, मावशी. कुणाचं म्हणताय?"

"आसंच. गावातल्या एकाचं."

डॉक्टरनं तिच्याकडं जरा बघितलं, पण खोदून विचारलं नाही. अंजनाचा चांगला हात तिनं कोपरात वाकवून धरला आणि म्हणाली, "आता हा हात झटक्यात खाली आणा, आणि मी हात धरलाय तिथं थांबवा." अंजनानं आणला. "बघा. हात खाली ढकलला तो दंडाच्या मागच्या स्नायूनं. पण तो एकटाच असता तर हात थांबलाच नसता, माझ्या हातावर आदळला असता. म्हणून पुढचा स्नायू मधेच जोरात उलटा ओढतो. तो लगाम. आणि हात थांबला की मागचा पुन्हा एकदा हलकेच दाबतो, हात डगमगू नये म्हणून. ढकला, ओढा, बसवा. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"बेटकुळी," अंजना म्हणाली.

"काय?"

"फुडची ती बेटकुळी. ती लगाम वढती."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खुशीत म्हणाली. "पण गंमत पुढंच आहे, मावशी. तो लगाम कधी ओढायचा आणि किती, हे हात निघायच्या आधीच डोक्यात ठरलेलं असतं. इतक्या वेगात हात चालला की वाटेत बघून दुरुस्ती करायला वेळच नाही. डोळ्यानं बघायचं, मेंदूला कळवायचं, मेंदूनं हाताला हुकूम द्यायचा, तोवर हात पोचलेला असतो. भरलेली समजून रिकामी कळशी उचललीय कधी?"

"उचललीय की. हात सटाककन वर जातो."

"तसंच. हिशोब आधीच केलेला असतो आणि तो चुकतो. वय झालं, किंवा डोक्याच्या मागच्या भागात काही लहानसहान बिघाड झाला, की हा लगामाचा हुकूम उशिरा सुटतो. ताकद असते, पण हात पुढं जातो."

अंजनानं विचारलं, "आनि मग? त्येनं काय करायचं? जास्ती जोर लावला तर?"

"छे, छे! जोर लावला तर वेग वाढेल. वेग वाढला की लगाम आणखीच कमी पडेल. उतारावर बैलांना कोण चाबूक मारतं का? त्यांना सांगा, सावकाश करा. सावकाश हात नेला की मेंदूला वाटेत बघायला वेळ मिळतो. जास्त झालं तर मागं घेता येतं, कमी पडलं तर पुढं नेता येतं." मग हात खाली ठेवत डॉक्टर म्हणाली, "आणि मावशी, त्या गावातल्या एकाला माझ्याकडं घेऊन या. असं अंगावर काढू नये. तपासायला हवं."

परतीच्या एस.टी.त अंजना खिडकीशी बसून राहिली. सगळं समजलं होतं, आणि समजूनच जीव जास्त घाबरला होता. सांगायचं कसं? ज्या माणसानं जन्मभर गावासमोर छाती काढून पट्टा फिरवला, त्याला म्हणायचं, तुमचा हात गेला? लेक शंभूराज सरहद्दीवर, त्याला रजा नाही. म्हणजे ह्या साली पट्टा धरायला दुसरं कुणी नाही. सांगावं तर सासऱ्यांची ती भिंतीकडं वळलेली पाठ आठवायची. न सांगावं तर तळहात आठवायचा. गेल्या साली रेघ होती. ह्या साली काय असेल?

दिवस असे ढकलत दसरा आठवड्यावर आला. एका दुपारी अंजना मळ्यात वैरण आणायला गेली, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत विळा ठेवलाय म्हणून दार ढकलून आत वाकली. विळा राहिला बाजूला.

खोलीच्या कोपऱ्यात मातीचे हात होते.

काळ्या रानातली चिकणमाती मळून केलेले तळहात, मनगटापासून पुढं, बोटं जोडलेली. प्रत्येकाच्या मधोमध लिंबू बसेल एवढी खळी. एका ओळीत ठेवलेले, मागचे वाळून भेगाळलेले, पुढचे अजून ओलसर. एका फाटक्या पोत्यावर सुकलेली लिंबं पडली होती. अंजना खाली बसली आणि एकेक हात उचलून बघायला लागली.

जुन्या वाळलेल्या हातांवर नुसत्या रेघा होत्या. नंतरच्या हातांवर बोट जाईल अशा खाचा होत्या. आणि सगळ्यात पुढचा ओला हात, कालपरवाच केलेला, आरपार तुटून दोन तुकडे झाला होता.

तिला रडू आलं ते भीतीनं नव्हे. ह्या माणसाला माहीत होतं! वर्षभर हा माणूस घरी मिशांना पीळ देत कपाला शिव्या घालत होता, आणि इथं एकटा बसून मातीचे हात करत होता. आणि हात जसजसा चुकत गेला, तसतसा हा जोर वाढवत गेला. का, तेही तिला ठाऊक होतं. त्यांच्या घराण्यात सासऱ्यांपासनं एकच शिकवण: हात चुकला म्हणजे हात भ्याला, आणि भ्यालेल्या हाताला दुप्पट जोर द्यायचा. पट्टा शिकणाऱ्या प्रत्येक पोरानं हे ऐकलेलं. तरण्या हाताला ते लागू पडतही असेल. म्हाताऱ्या हाताला ते विष होतं. काय म्हणावं ह्या मर्दुमकीला! अंजनाला एकदम रागही आला आणि मायाही आली.

तिनं हात होते तसे ओळीत ठेवले आणि दार ओढून घेतलं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. कोयता, विळा, फौजेतला चाकू, आणि मधे पाटावर पट्टा. अंजनानं पट्ट्याला हळदकुंकू लावलं. बोलायचं म्हणून ती तोंड उघडायची, आणि सुभेदार तेवढ्यात दुसरीकडं वळायचे. तेही काही बोलायला बघत होते की काय, देव जाणे. शेवटी पूजा प्रसाद घेऊन आली आणि ती वेळ गेली.

दसरा उजाडला. संध्याकाळी पालखी वेशीवर आली. माणूस मावेना इतकी गर्दी. हलगीवाल्यानं ताल धरला, आप्पासोंनी माईक हातात घेतला. माईक दिसला की आप्पासोंना दम निघत नाही. "आता आपल्या माळवाडीची शान, केरबा सुभेदार..." आणि पुढं बरंच काही.

सुभेदार रिंगणात उतरले. पट्टा फिरायला लागला, पातं वाऱ्यात सुंई सुंई वाजायला लागलं. फिरवण्यात कणभर उणं नव्हतं. फिरवायला थांबावं लागत नाही, म्हणून. लोक शिट्ट्या मारत होते.

मग ते थांबले. अंजना पुढं आली, पदर खोचला आणि उजवा हात सरळ धरला. आप्पासोंनी लिंबू ठेवलं. गर्दी चिडीचूप झाली, नुसती हलगी वाजत राहिली.

अंजनानं कोपराकडं बघितलं. कोपर वर चढलं, आणखी वर चढलं, इतकं वर ते आजवर कधीच गेलं नव्हतं. खांदा मागं गेला. दंडाची मागची बाजू दगडासारखी ताठ झाली. सुभेदारांचे डोळे तिच्या तळहातावर होते, आणि त्या डोळ्यांत तिला मोटारीच्या खोलीतला तो तुटका ओला हात स्पष्ट दिसला. हा माणूस आता सगळा जोर लावणार होता. मनापासून, तिला वाचवण्यासाठीच लावणार होता.

एकदा हात सुटला की हाक मारून उपयोग नाही, तोवर तो पोचलेला असतो. हाक मारायची तर आत्ता.

"आवं!"

कोपर जागच्या जागी राहिलं. हलगीचा ताल चुकला आणि थांबला.

"आज बेतानं कापा," अंजना म्हणाली.

"काय?" सुभेदारांना ऐकूच आलं नसावं.

"बेतानं. कांदा कापत्यात तसं. पातं लिंबावर ठेवा आनि वढा. घाई कुणाला हाय?"

गर्दीत चुळबुळ झाली. कुणीतरी मागं खुदकन हसलं. आप्पासो माईक घेऊन धावत आले. "वैनी, काय झालं? आवं, मुहूर्त..."

अंजना जन्मात कधी चारचौघांत बोलली नव्हती. पण आता बोलली, आणि माईक तोंडाजवळ असल्यामुळं सगळ्या माळवाडीनं ऐकलं. "आप्पासो, मला रीत सांगा. लिंबू घरच्या तळहातावर ठेवायचं, आनि घरच्या पट्ट्यानं कापायचं. यवढीच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग जोरात कापायचं म्हून कुणी सांगितलंय?"

आप्पासोंनी आभाळाकडं बघितलं, पालखीकडं बघितलं, जुन्या माणसांकडं बघितलं. एक म्हातारा हातानं 'होऊ दे तसंच' अशी खूण करत होता. "तसं... तसं न्हाई कुणी सांगितलं," आप्पासो म्हणाले, आणि त्यांनी चक्क माईक बंद केला.

सुभेदार अजून तसेच उभे होते. चेहरा लाल झाला होता. अपमानानं की कशानं, तिला कळेना. क्षणभर तिला वाटलं, आता हे पट्टा फेकून देतील आणि घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसतील. तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी लिंबू जरासं उचललं आणि तळहात त्यांच्याकडं कलता केला. गेल्या साली उमटलेली पांढरी रेघ तिथं होती. ती दुसऱ्या कुणाला दिसली नाही. तिनं लिंबू परत त्या रेघेवर ठेवलं.

सुभेदारांनी ती रेघ बघितली आणि त्यांचं कोपर हळूहळू खाली आलं.

ते दोन पावलं पुढं सरकले. पट्ट्याचं लांब लवचीक पातं त्यांनी अलगद लिंबावर आणलं. पातं लिंबाच्या जरा पुढं गेलं. त्यांनी बघितलं, मागं घेतलं. ते मागं जरा जास्तच आलं, परत पुढं नेलं. मग पातं सालीवर टेकलं आणि त्यांनी ते ओढलं. घरात बाई भाजी चिरते तितक्याच शांतपणे. हलगी नाही, शिट्टी नाही. एवढ्या गर्दीत लिंबाची साल चिरल्याचा आवाज ऐकू आला.

लिंबाच्या दोन फोडी झाल्या आणि पातं वर उचललं गेलं.

रस तळहातभर पसरला, बोटांच्या फटीतनं मनगटावर आला. अंजना वाट बघत राहिली. नुसताच गार लागला. कुठंही झोंबलं नाही.

टाळ्या पडायला वेळ लागला. लोकांना कळेचना की हे टाळ्यांचं आहे की नाही. मग त्या म्हाताऱ्यानं सुरुवात केली आणि हळूहळू सगळी वेस वाजायला लागली. सुभेदारांनी एक फोड उजवीकडं फेकली, एक डावीकडं, आणि पालखीनं वेस ओलांडली.

माणसं आपट्याकडं पळाली. सुभेदारांनी पट्टा काढला आणि बांधावर ठेवला. लोखंडातून सुटलेला तो हात उघडा, घामेजलेला, म्हातारा दिसत होता. दोघं त्याच्या शेजारी टेकली. मग ते म्हणाले, "सोमवारी सांगलीला जातीस न्हवं? मी बी येतो. त्या बाईंला हात दावू."

"या की."

"गेल्या साली लाल हुती फोड," ते पुढं म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "मीच फेकली न्हवं का. बघितली मी."

अंजनानं चमकून बघितलं. "मग वरीसभर बोलला का न्हाई?"

"तू तरी कुटं बोललीस?"

सुभेदारांनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, रसानं चिकट झालेला, आणि अंगठ्यानं ती पांढरी रेघ हळूच चाचपली.

"लय झोंबलं का गं?"

इतक्या वर्षांत लिंबाखालच्या त्या तळहाताबद्दल कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. अंजनाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं, गेल्या दसऱ्याला जे तिथंच थोपवलं होतं ते.

"लय," ती म्हणाली.